कपाशीच्या पानावरची लव



दोंडाईचा परिसरात निंदणी, वेचणी आपण बायाच करतो. म्हणून कपाशीचं पान आपल्याइतकं जवळून कोण पाहतं? पान उलटं करून उन्हाकडे धरा. बारीक लव दिसते ना? ती झाडाची राखण आहे. हिरवे तुडतुडे पानाचा रस पितात, शिरांमध्ये अंडी घालतात. पानाच्या कडा पिवळ्या-लाल होऊन वळतात. लव दाट आणि लांब असली की त्यांना नीट बसता येत नाही, अंडीही कमी पडतात.

ही लव खतानं येत नाही, बियाण्यातून येते. 2002 साली बीटी कपाशी आली, पण तिचा गुण बोंडअळीसाठी. तुडतुड्यांना ती अडवत नाही. म्हणून बियाणं घेताना विचारा, "पान लवदार आहे का?"

मात्र लवदार पानावर पांढरी माशी जास्त होते. तेव्हा पान तपासत राहा. 20 झाडांची वरची, मधली, खालची अशी 3-3 पानं बघा. पानामागे सरासरी 2-3 तुडतुडे दिसले, तरच फवारणीचं ठरवा. गटाचं कर्ज काढून उगाच औषध आणू नका, ताईंनो. बियाणं ठरवताना घरात आपलंही मत सांगा.