वाढत्या वयाचे आरोग्य
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



मुले वयात येऊ लागली की घरात त्याविषयी बोलण्यास संकोच वाटतो. पण आपण गप्प बसलो, तर मुले भलत्याच ठिकाणी उत्तरे शोधतात.

मुलीला पाळी येणे, मुलाला झोपेत वीर्यपात होणे, हे आजार नव्हेत. शरीर वाढत असल्याची ती खूण आहे. भिंतीवरच्या जाहिराती वाचून भोंदू वैद्याला पैसे देऊ नयेत. पाळीचे कापड साबणाने धुऊन उन्हात वाळवावे. लाजेने अंधाऱ्या कोपऱ्यात घालू नये. मुरमे फोडू नयेत. चेहरा दोन वेळा धुवावा.

खरी काळजी रक्तक्षयाची आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुली आणि ३१ टक्के मुलगे रक्तक्षयी आढळले. अशी मुलगी वर्गात पेंगते आणि आपण तिला आळशी म्हणतो! बाजरीची भाकरी, मेथी, उसळ खावी, वर लिंबू पिळावे. जेवणाबरोबर चहा नको. त्याने अन्नातील लोह अंगी कमी लागते. लोहाची साप्ताहिक निळी गोळी जेवणानंतर घ्यावी.

यासाठी मोठे शिक्षण लागत नाही. आपल्याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केले. त्यातून खेड्यातील कित्येक निरक्षर बायका गावाच्या आरोग्यसेविका झाल्या. त्यांना जमले, ते आपल्यालाही आपल्या घरात जमेल.