बक्षीस कोण ठेवतो?



कातडीचा रंगच वैराचे मूळ, असे आपण समजतो. पण ऐका. १९५४ साली अमेरिकेतील ओक्लाहोमात मुझफर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने २२ मुलांचे शिबिर भरवले. सारी गोरी, एकाच धर्माची. दोन गट पाडून त्यांना बक्षिसासाठी झुंजवले. थोड्याच दिवसांत शिव्या, मारामाऱ्या, निशाणेही जाळली! एकत्र जेवायला बसवले, तर अन्न एकमेकांवर फेकले. मग मुद्दाम पाणी तोडले, ट्रक अडवला. रस्सीखेचीच्याच दोराने दोन्ही गटांनी मिळून ट्रक ओढला. अशा कामांतून वैर हळूहळू निवळले.

रापण ओढणाऱ्यांना, बांध घालणाऱ्यांना हे नवे नाही. म्हणून गावात कोणी दोन तट पाडू लागला, तर आधी विचारा: बक्षीस ठेवणारा कोण?