वेळासची सहल

दिवाळीच्या सुटीत कोकणात वेळासला कासवे पाहायला जायचे, असे मी घरात जाहीर करून बसले होते. मग कळले, मादी किनाऱ्यावर अंडी घालायला येऊ लागते तीच मुळी नोव्हेंबरच्या सुमारास. अंडी वाळूत पुरून निघून जाते, ती परत फिरकत नाही. (मला आधी तिचा रागच आला!) गावकरी ती कुंपणात राखतात, सुमारे ५० दिवसांनी पिले आपली आपण वर येतात. ती पाहायची तर मार्च बरा, आणि मार्चात आमच्याकडे परीक्षा! धाकटी म्हणाली, "आई, तू जा. वरणभात मला येतो." लग्नाला २२ वर्षे झाली, माहेराखेरीज एकटी कुठे गेले नाही. उतरायची सोय गावातल्या घरांतूनच होते. दोघीतिघी येत असाल, तर दिवाळीपूर्वी सांगा.