अण्णांच्या वहीत पाण्याचा रकाना नव्हता

आजची गोष्ट एका वहीपासून सुरू करते.

आमच्या अण्णांची एक लाल वही आहे. सांगोल्याकडे आमची चार एकर डाळिंबाची बाग. वहीत सगळं असतं: शेणखत, औषधं, छाटणीची मजुरी, टेम्पोचं भाडं, व्यापाऱ्याकडून आलेले पैसे. पुण्यात बी.कॉम. करत होते तेव्हा सुट्टीत गावी गेले की बेरीज-वजाबाकी माझ्याकडे. एका वर्षी भाव झकास लागला, वहीत नफा दिसला, घरात पुरणपोळी झाली. आणि त्याच उन्हाळ्यात आमचं दुसरं बोअर आटलं. पहिलं 250 फुटांचं, दुसरं 430. तिसरं कर्ज काढून 700 फुटांपर्यंत नेलं. वहीत काय आलं? "बोअर खर्च". बस्स. ज्या पाण्याच्या जिवावर तो नफा झाला, ते जमिनीखाली कमी झालं, हे कुठल्याच पानावर नाही.

कॉमर्सवाल्यांना हे लगेच खुपेल. मशीन झिजलं की आपण घसारा लावतो. एफडी मोडून खाल्ली तर तिला कमाई म्हणत नाही. मग पाणी उपसून खाल्लं तर ती कमाई कशी?

देशाच्या वहीत हीच गडबड आहे. बोअर मारलं, मोटार विकली, टँकर धावले की जीडीपी वाढतो. खालचं पाणी आटलं म्हणून जीडीपी कमी होत नाही. ही चूक दुरुस्त करायची म्हणून जंगल, माती, पाणी यांना देशाची मालमत्ता धरून त्यांचा हिशेब ठेवायचा, याला म्हणतात नैसर्गिक भांडवलाचा लेखाजोखा. त्याची आंतरराष्ट्रीय पद्धत संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने 2012 साली स्वीकारली. नाव लांबलचक आहे, आपण सोडून देऊ.

पाण्याचा हिशेब मात्र बँकेच्या पासबुकासारखा आहे. आरंभीची शिल्लक: धरणं, तलाव, नद्या, जमिनीखालचं पाणी. जमा: पाऊस, वरच्या भागातून वाहत आलेलं पाणी, आणि वापरून परत आलेलं पाणी. खर्च: उपसा, बाष्पीभवन, पुढे वाहून गेलेलं. मग अखेरची शिल्लक. यात "परत आलेलं" हा रकाना मला फार आवडतो. शहर पाणी घेतं आणि त्यातलं बरंचसं सांडपाणी म्हणून परत सोडतं, घाण करून का होईना. पिकाला दिलेल्या पाण्यातलं बरंचसं हवेत जातं, ते तुमच्या खात्यात परत येत नाही. म्हणजे कोण किती घेतो एवढं पुरत नाही, कोण किती परत करतो तेही बघावं लागतं.

आता आफ्रिकेत जाऊ, बोत्स्वानाला. देशाचा मोठा भाग कालाहारीचं वाळवंट. तिथल्या चलनाचं नाव आहे "पुला", आणि पुला म्हणजे पाऊस! खिशात पाऊस घेऊन फिरणारी माणसं. राजधानी गॅबोरोनचं धरण 2015 मध्ये जवळपास कोरडं पडलं होतं, आणि उत्तरेकडून शेकडो किलोमीटरच्या पाइपलाइनने पाणी आणावं लागतं. या देशाने जागतिक बँकेच्या मदतीने पाण्याची खाती तयार केली. कोणतं क्षेत्र किती पाणी घेतं आणि त्यातून किती उत्पन्न काढतं, हे शेजारी-शेजारी मांडलं. पाण्याचा सगळ्यात मोठा वापर शेती आणि गुराढोरांचा, पण जीडीपीतला त्यांचा वाटा दोन-तीन टक्क्यांच्या घरात. हिऱ्यांच्या खाणी त्याहून कमी पाण्यात कितीतरी जास्त कमावतात.

इथे थांबा जरा. हा आकडा बघून कुणी म्हणेल, मग शेतीचं पाणी बंद करा, खाणींना द्या. माझं मत विचाराल तर हे हिशेबाचं काम नाही. तिथे कितीतरी कुटुंबांचं जगणं गुरांवर आहे, जसं आमचं डाळिंबावर. खातं फक्त सांगतं की पाणी कुठे चाललंय. ठरवायचं माणसांनी. म्हणूनच पाण्याला रुपयांत किंमत लावायची घाई मला पटत नाही. आधी घनमीटर नीट मोजा.

आपल्याकडे काय? केंद्रीय भूजल मंडळाच्या 2023 च्या मूल्यांकनानुसार देशात वर्षाला सुमारे 449 अब्ज घनमीटर पाणी जमिनीत मुरतं, त्यातलं 407 उपसण्याजोगं, आणि उपसा 241. म्हणजे 59 टक्के. वाटतं, निवांत आहोत की! पण पंजाबात हाच आकडा तेव्हा 164 टक्क्यांच्या आसपास होता. शंभर जमा, एकशे चौसष्ट खर्च. वरचे चौसष्ट मुद्दलातून. सरासरी काढली की हे दिसतच नाही.

आणि आपला दख्खन म्हणजे काळा पाषाण. पाणी वरच्या झिजलेल्या थरात आणि फटींमध्ये साठतं, खाली-खाली गेलं की फटी विरळ होतात. 700 फूट जाऊन जे लागतं ते बऱ्याचदा जुनं, हळूहळू साठलेलं पाणी असतं. अण्णांना मी हे सांगितलं तर म्हणाले, "पाणी काय बँकेत ठिवलंय व्हय, मोजायला?"

मी त्यांना हिवरे बाजारचं सांगितलं. नगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमधल्या, या गावात पोपटराव पवारांच्या पुढाकाराने दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात. पाऊस किती पडला, विहिरींत किती आहे, त्यातून आधी प्यायला, मग जनावरांना, आणि उरलं तेवढ्यात पिकं. पाऊस कमी तर रब्बीचं क्षेत्र कमी. शेतीसाठी बोअर नाही. ऊस नाही. हे ऐकून अण्णा गप्प झाले, आणि मग म्हणाले, "त्यांचं गाव एका विचाराचं हाय. माझ्या शेजाऱ्याचं बोअर आठशे फूट हाय, त्याचं काय?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी एकटीने पासबुक लिहायचं आणि पैसे सगळ्या गल्लीने काढायचे, असं आहे ते.

तरी या दिवाळीत मी वहीच्या मागच्या पानावर एक रकाना आखला. आमची जुनी विहीर आहे, तिच्यात दर पंधरा दिवसांनी दोरीला दगड बांधून सोडायचा, पाणी किती हातांवर लागलं ते लिहायचं. पहिल्या दोन नोंदी माझ्या अक्षरात आहेत. तिसरी परवा आईने फोटो काढून पाठवली, अण्णांच्या अक्षरात. तारीख, "चौदा हात", आणि पुढे कंसात लिहिलंय: शेजाऱ्याची विहीर, सोळा.