सुकाणू : रचना, कार्य आणि निगा



'संस्थेचे सुकाणू', 'संसाराचे सुकाणू' हे शब्दप्रयोग पाठ्यपुस्तकांतून वारंवार येतात. खाडीकाठच्या मुलाने ती वस्तू पाहिलेली असते, परंतु ती कशी चालते हे त्यास कोणी सांगितलेले नसते. घाटावरच्या मुलाने तर ती पाहिलेलीही नसते. 'सुकाणू' हा शब्द अरबी 'सुक्कान'वरून आला आहे. पश्चिम किनाऱ्याचा अरबी दर्यावर्दींशी किती जुना संबंध होता, याची खूण या एका शब्दात आहे. अशा वस्तूचा पाठ भाषा, इतिहास व विज्ञान या तिन्ही विषयांस उपयोगी पडतो.

सुकाणू म्हणजे नौकेच्या पिछाडीस पाण्यात उभे बसविलेले पाते. दार ज्याप्रमाणे बिजागरीवर फिरते, त्याप्रमाणे ते लोखंडी किंवा पितळी कड्यांत अडकविलेल्या खुंट्यांवर फिरते. पात्याच्या माथ्यावर एक दांडा असतो. तो सुकाण्याच्या हाती असतो. दांडा डावीकडे लोटला की पाते उजवीकडे वळते, वाहते पाणी त्यावर आदळून पिछाडीस डावीकडे ढकलते आणि नौकेची नाळ उजवीकडे फिरते. सुकाणू नाळेस ओढीत नाही, ते पिछाडीस ढकलते. ही गोष्ट मुलांच्या मनावर प्रथम ठसविली पाहिजे.

यासाठी मोठ्या साहित्याची गरज नाही. हातभर लांबीची फळी घेऊन तिच्या मागील बाजूस पत्र्याचा तुकडा उभा बसवावा. तो किंचित वळवून फळी संथ पाण्यावर हलकेच लोटावी. ती वाकड्या वाटेने जाईल. मग फळी पाण्यावर स्थिर ठेवून पत्रा कितीही फिरवावा. ती वळणार नाही. पात्यावरून पाणी वाहत असेल तरच सुकाणू काम करते, हा नियम मुले आपल्या डोळ्यांनी पाहतील. पत्रा अगदी आडवा केला, तर वळण वाढण्याऐवजी गतीच खुंटते. म्हणूनच मोठ्या जहाजांचे सुकाणू बहुधा ३५ अंशांपलीकडे वळविले जात नाही.

दांडा ही तरफ होय. दांड्याची लांबी दुप्पट केली, तर निम्मे बळ पुरते. मात्र हात दुप्पट अंतर फिरवावा लागतो. मोठ्या नौकांवर दांड्याऐवजी चाक असते. काही नौकांत चाकापासून तारेचा दोर कप्प्यांवरून सुकाणूपर्यंत जातो. काहींत चाक फिरविले की तेल नळीवाटे नळकांड्यात जाते व आतील दट्ट्या सुकाणू हलवितो. तेल दाबले जात नाही, हवा दाबली जाते. म्हणून नळीत हवा शिरल्यास चाक फिरते, पण सुकाणू जागचे हलत नाही.

निगा राखण्याची योग्य वेळ पावसाळ्याची होय, कारण तेव्हा नौका किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. पाते हाताने हलवून पाहावे. खुंट्या झिजून ढिल्या झाल्या असतील तर त्या बदलाव्या. लाकूड टोकदार सळईने टोचून पाहावे, कारण समुद्रातील कीड ते आतून पोखरते आणि वरून काही दिसत नाही. पितळ व लोखंड खाऱ्या पाण्यात एकत्र आल्यास लोखंड लवकर झिजते. त्याच्या रक्षणासाठी जस्ताचा तुकडा जोडतात व तो झिजताच नवा बसवितात. तारेचा दोर कप्प्यावर वळतो तेथे प्रथम तुटतो. त्यावरून चिंधी फिरवावी. तुटलेली तार असेल तर ती चिंधीस अडकेल. उघडा हात कधीही फिरवू नये. तेलाची पातळी व नळ्यांचे सांधे नौका सोडण्यापूर्वी तपासावे. चाक निकामी झाल्यास लावता येईल असा जादा दांडा किंवा निदान एक भक्कम वल्हे जवळ असावे.

हे काम क्षुल्लक वाटते. पण त्याकडे दुर्लक्ष झाल्यास काय घडते, याचे उदाहरण इतिहासात आहे. १६ मार्च १९७८ रोजी 'अमोको कॅडिझ' हे तेलवाहू जहाज वादळी हवेत फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्याजवळून जात होते. सकाळी सुकाणूच्या तेलनळीच्या सांध्याचे बोल्ट तुटले, तेल बाहेर उसळले आणि सुकाणू निकामी झाले. इंजिन शाबूत होते, परंतु दिशा उरली नव्हती. दुरुस्ती साधली नाही. मदतीस आलेल्या नौकेचा दोरही तुटला. रात्री जहाज पोर्सालजवळच्या खडकांवर चढले आणि सव्वादोन लाख टनांच्या आसपास खनिज तेल समुद्रात गेले. १९८४ साली अमेरिकेतील न्यायालयाने सुकाणू-यंत्रणेची निगा नीट राखली नव्हती, असा ठपका मालकांवर ठेवला. त्या अपघातानंतर तेलवाहू जहाजांच्या सुकाणू-यंत्रणेचे आंतरराष्ट्रीय नियम कडक झाले.

जहाज एवढे प्रचंड, आणि घात केला तो चार-पाच बोल्टांनी. खाडी ओलांडून शाळेत येणाऱ्या मुलांच्या होडीसही हाच न्याय लागू आहे. शिक्षकाने वर्षातून एकदा वर्ग काठावर नेऊन, होडीवाल्याकडूनच सुकाणूची माहिती मुलांस ऐकवावी. त्यामुळे मुलांस धडा मिळेल, होडीवाल्याच्या विद्येचा मान राहील, आणि त्या निमित्ताने त्या सुकाणूची तपासणीही होऊन जाईल.