मूळ मजकूर आणि यंत्राची घडण

जुन्या पेढीवर दोन वह्या असत, हें आपणांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. एक रोजकीर्द आणि दुसरी खतावणी. घडलेला व्यवहार कीर्दींत त्याच दिवशीं लिहावयाचा व मग तीवरून ज्याचें त्याचें खातें खतावणींत उतरवावयाचें. खतावणी जळाली, तर चार रात्री जागून ती कीर्दीवरून पुन्हां लिहितां येई. संगणकाचे प्रोग्राम लिहिणाऱ्या मंडळींच्या कामांतही नेमका हाच भेद आहे.

मनुष्य स्वतः लिहितो त्या मजकुरास 'सोर्स' म्हणतात. कंपायलर तो वाचून यंत्रास कळतील अशा फाइली तयार करतो. या घडणीस 'बिल्ड' ही संज्ञा आहे. सी भाषेंतील दहा फाइलींचा लहानसा प्रोग्राम घ्या. घडण होतांच मधल्या टप्प्याच्या आणखी दहा फाइली आणि शेवटीं चालता प्रोग्राम, अशी भर पडते. शाळेंत आम्ही कच्ची वही टाकावयाची व पक्की जपावयाची असें शिकवीत असूं. येथें प्रकार उलटा आहे. तयार झालेलें तें टाकाऊ, आणि जपावयाचें तें मूळ.

दोहोंची सरमिसळ झाली म्हणजे काय होतें? माझा एक जुना विद्यार्थी एका कचेरींत या कामावर रुजू झाला, तेव्हां आधींचे गृहस्थ सोडून गेले होते. एका फोल्डरांत सारें एकत्र कोंबलेलें. त्यानें एका फाइलींतील चूक शोधून दुरुस्त केली. संध्याकाळीं काम ठीक चाललें. दुसऱ्या दिवशीं दुसऱ्याच कांहीं कारणानें नवी घडण केली, तों दुरुस्ती नाहींशी! ती फाइल 'यॅक' नांवाच्या साधनानें लिहिलेली होती. हें साधन व्याकरणाचे नियम वाचून स्वतःच सी भाषेंत मजकूर लिहितें, आणि तो दिसावयास मनुष्याच्या लिखाणासारखाच असतो. खतावणींत खाडाखोड करून कीर्द तशीच ठेवावी, तसें हें झालें.

घडणीचें 'मेक' हें साधन स्टुअर्ट फेल्डमन यांनीं १९७६ सालीं बेल प्रयोगशाळेंत रचलें. तें फाइलींच्या वेळा ताडून पाहतें आणि मूळ नवें असेल तेवढाच भाग पुन्हां घडवितें. युक्ति उत्तम, पण घडलेला माल मुळाशेजारींच ठेवण्याची संवय तिनें मोडली नाहीं. मग साफसफाईची आज्ञा वेगळी लिहावी लागते, आणि तींत एखादें चिन्ह चुकलें, कीं मूळच पुसलें जाण्याची भीति.

म्हणून घडणीस स्वतंत्र फोल्डर द्यावें. जीसीसी या प्रसिद्ध कंपायलरच्या कर्त्यांनीं तो मूळ मजकुराबाहेरील फोल्डरांतच घडवावा अशी आग्रहाची सूचना दिली आहे. जावा भाषेचें 'मेव्हन' मूळ मजकूर 'एसआरसी'त व माल 'टार्गेट'मध्यें ठेवितें. 'सीमेक'च्या ३.१३ आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ पासून, मूळ कोठें व घडण कोठें हें एकाच आज्ञेंत सांगतां येतें. एकाच मुळावरून दोष शोधण्याची एक व ग्राहकास देण्याची दुसरी, अशा दोन घडणी शेजारीं शेजारीं नांदतात. लिनस टॉरवाल्ड्स यांनीं २००५ सालीं काढलेल्या 'गिट'मध्यें घडणीच्या फोल्डराचें नांव वगळण्याच्या यादींत एकदां लिहिलें, कीं इतिहासांत तेवढें मूळच नोंदलें जातें. घेणाऱ्यापाशीं साधन नसेल, तर यंत्रानें लिहिलेली एखादी फाइल सोबत द्यावी लागते, हा अपवाद मला मान्य आहे. तो आळसाची सबब होऊं नये.

माझ्या विद्यार्थ्यानें पुढें दोन फोल्डरें केलीं. जुनें पुसण्यापूर्वीं त्यानें नुसतें मूळ एका रिकाम्या संगणकावर नेऊन घडण करून पाहिली. ती अडली. शोधतां शोधतां एक छोटी फाइल सांपडली. ती आधींच्या गृहस्थांनीं हातानें लिहिलेली होती, पण यंत्राची समजून यानें मागें ठेविली होती. ती मुळांत आणली, घडण पार पडली, आणि मगच त्यानें जुनें फोल्डर पुसलें.