संकल्पास देश आणि काल हवा
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात वर्षप्रतिपदेस वीर येथे केलेले भाषण)



आज सकाळी आपण घरोघर गुढ्या उभारल्या, कडुलिंबाचे पान जिभेवर ठेवले आणि नववर्षाचे स्वागत केले. अशा शुभदिनी व्यासपीठावरून बोलण्याचा मान कार्यकारी मंडळाने मजसारख्या निवृत्त कारखाना-नोकरास दिला, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. मी विद्वान नव्हे. तेव्हा धर्म, इतिहास किंवा राजकारण यांवर प्रवचन न करता माझ्या घरातील एक गोष्ट आपणांपुढे मांडणार आहे. ती आपल्यापैकी पुष्कळांच्या घरातील असावी, अशी माझी समजूत आहे.

माझी कन्या पनवेल येथे नोकरी करते. जावईही नोकरी करतात. त्यांस चार वर्षांचा मुलगा आहे. मागील आठवड्यात कन्येचा फोन आला. ती म्हणाली, “बाबा, मुलाला अधिक वेळ द्यायचा, असा संकल्प मी दर पाडव्याला करते आणि चैत्र सरण्यापूर्वी तो मोडतो. यंदा करावा की नाही, हेच कळत नाही.” तिला तेथल्या तेथे उत्तर देणे मला जमले नाही. आजचे भाषण म्हणजे ते राहिलेले उत्तर होय.

प्रथम माझ्या वडिलांविषयी सांगतो. महाड-पोलादपूरच्या खेड्यापाड्यांतील हजारो पुरुषांप्रमाणे तेही मुंबईस गिरणीत होते. लालबाग-परळच्या खोल्यांतून माणसे पाळीपाळीने झोपत. एकाची वळकटी उचलली की तेथे दुसऱ्याची पसरे. दर महिन्यास मनीऑर्डर येई. वडील मात्र शिमग्यास आणि गौरीगणपतीस, असे वर्षातून दोनदाच येत. ते दारात उभे राहिले की मी आईच्या पदराआड लपे. आई म्हणे, “अरे, बाबा आहेत तुझे.” मला ओळख पटेपर्यंत त्यांची रजा संपलेली असे.

१९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्या वर्षी वडील कायमचे घरी आले. मी तेव्हा दहावीस होतो. संध्याकाळी आम्ही बापलेक ओटीवर बसत असू. “अभ्यास झाला का?” असे ते विचारीत आणि “झाला” असे मी सांगे. पुढे बोलण्यास दोघांपाशी काही नसे. ज्या माणसाच्या घामावर मी वाढलो, त्याच्याशी बोलण्याची मला सवयच नव्हती. त्यांचा यात दोष नव्हता, माझाही नव्हता. परंतु हानी दोघांचीही झाली.

त्याच ओटीवर मी मनाशी ठरविले की, काही झाले तरी मुंबईस जायचे नाही. पुढे महाडच्या औद्योगिक वसाहतीत मला काम मिळाले. माझी पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. १९९३ मध्ये रोह्याहून वीरपर्यंत रेल्वे आली, १९९८ मध्ये हा मार्ग मंगळूरपर्यंत सलग खुला झाला आणि आपले गाव जगाच्या नकाशावर आले. गावातील तरुण रेल्वेने नोकरीस बाहेर जात आणि मी मात्र रोज रात्री स्वतःच्या घरी झोपतो, याचा मला मोठा अभिमान वाटे.

तो अभिमान एका सायंकाळी उतरला. दुसऱ्या पाळीस निघालो असता वाटेत माझी सात वर्षांची कन्या सायकलवरून माझ्या शेजारून भरधाव गेली. मी चकित झालो. दुसऱ्या दिवशी पत्नीस विचारले, “ही सायकल केव्हा शिकली?” ती म्हणाली, “दोन महिने झाले. शेजारच्या मुलाने शिकवली.” आम्ही एका छपराखाली राहत होतो, तरी मला दोन महिने पत्ता नव्हता. दिवसपाळी, रात्रपाळी, जादा पाळी आणि उरलेल्या वेळी झोप, यांत मी माझ्या घरात पाहुण्यासारखाच राहत आलो होतो. अंतर मैलांत मोजावयाचे नसते, हे मला त्या दिवशी उमगले. वडील मुंबईत राहून घरापासून दूर होते, तर मी वीरमध्ये राहून दूर होतो.

बंधुभगिनींनो, मोकळा वेळ कोणी सहज दिलेला नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांस आठवड्याची सुट्टी मिळाली ती १८९० मध्ये. महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्यासाठी वर्षानुवर्षे खटपट केली. १९४६ मध्ये कारखान्यांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन बारमाही कारखान्यांतील आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले. त्या काळी केंद्रात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होते. आपल्या महाडात १९२७ मध्ये पाण्याच्या हक्काचा सत्याग्रह करणारे तेच बाबासाहेब. १९६१ च्या कायद्याने प्रसूतीसाठी १२ आठवड्यांची भरपगारी रजा दिली आणि २०१७ मध्ये पहिल्या दोन अपत्यांपुरती ती २६ आठवडे झाली. केंद्र सरकारच्या सेवेतील पित्यास १५ दिवसांची रजा मिळते. आईचे २६ आठवडे आणि बापाचे १५ दिवस, या दोन आकड्यांवरूनच मूल कोणाचे काम समजले जाते, ते स्पष्ट होते.

एवढ्या झगड्याने मिळविलेले तास आपण कोठे घालवितो? मी माझे ओव्हरटाइमला विकले. आजची पिढी ते खिशातल्या फोनला देते. जेवणाच्या ताटावर साहेबांचा निरोप येतो आणि घास हातातच राहतो.

आता रायगडाकडे वळू. हिरकणीची कथा आपल्या तालुक्यातील प्रत्येक बालक जाणतो. गडावर दूध घालावयास गेलेली ती गवळण, कोजागिरीची सायंकाळ, दरवाजे बंद झालेले, खाली घरी तान्हे बाळ. पहारेकरी दार उघडीनात, तेव्हा ती अंधारात कडा उतरून बाळापाशी गेली. महाराजांनी तिचा गौरव केला आणि त्या जागी बुरूज बांधविला, असे परंपरा सांगते. आज अनेक बसस्थानकांवर स्तनदा मातांसाठी हिरकणी कक्ष आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे.

माझ्या पत्नीच्या निवृत्तीच्या समारंभात मीही मोठ्या उत्साहाने म्हणालो की, शाळा, घर आणि मुलगी हे सर्व सांभाळणारी ही आमच्या घरची हिरकणी आहे. टाळ्या झाल्या. घरी आल्यावर ती शांतपणे म्हणाली, “हिरकणीला बुरूज नको होता हो. त्या रात्री कोणी दार उघडले असते, तर पुरे होते.”

मी निरुत्तर झालो. तीस वर्षे मी तिच्या कडा उतरण्याचे कौतुक करीत होतो आणि दाराची किल्ली माझ्याच कमरेस होती.

म्हणून माझ्या कन्येस आणि येथे बसलेल्या प्रत्येक कमावत्या आईबापांस माझे सांगणे असे आहे. सत्यनारायणास बसताना गुरुजी हातावर पाणी घालून काय म्हणवून घेतात, ते आठवा. नुसते ‘पूजा करीन’ असे म्हणून चालत नाही. कोणत्या देशी, कोणत्या नदीच्या तीरी, कोणत्या संवत्सरी, कोणत्या तिथीस, कोण आणि कशासाठी, हे सर्व उच्चारल्यावरच उदक सुटते. ‘मुलाला अधिक वेळ देईन’ ही इच्छा झाली. ‘मंगळवारी आणि शुक्रवारी सायंकाळी ८ ते ९, घरच्या ओटीवर, फोन फडताळात ठेवून मी मुलापाशी बसेन’ हा संकल्प झाला. पहिल्यास देश नाही, काल नाही; म्हणून तो चैत्रातच विरतो.

या रीतीने मी चार संकल्प सुचवितो.

पहिला बापांसाठी. ‘बायकोला मदत करतो’ हे शब्द सोडा. मदत परक्याच्या कामास करावयाची असते. घरातील एक काम, मग तो सकाळचा डबा असो, मुलाचा अभ्यास असो वा शाळेतील पालकसभा असो, पूर्णपणे अंगावर घ्या. तुम्हांस आठवण करून देण्याचे कष्टही तिला पडू नयेत.

दुसरा आयांसाठी. एक काम जाणूनबुजून सोडा. दिवाळीचा सर्व फराळ घरीच झाला पाहिजे, असा शास्त्रार्थ नाही. बचत गटाच्या भगिनींकडून चकल्या घेतल्याने घराण्याची अब्रू जात नाही. उलट दुसऱ्या एका घरची चूल पेटते.

तिसरा आम्हां वृद्धांसाठी. नातवंडे सांभाळू, ती आनंदाने सांभाळू. परंतु त्याचा हिशेब सुनेपुढे मांडणार नाही. त्याचप्रमाणे तरुणांनीही आजीच्या गुडघ्यांस आठवड्यातून एक दिवस सुट्टी द्यावी. लोखंडे यांनी गिरणी कामगारांस मिळवून दिलेली सुट्टी आजीसही लागू व्हावी.

चौथा आपल्या मंडळासाठी. आपले सभागृह लग्नसराई वगळता रिकामे असते. आठवड्यातून तीन दिवस, सायंकाळी ५ ते ७, तेथे नोकरदार आईबापांच्या मुलांसाठी अभ्यासिका चालवावी. आळीपाळीने तेथे बसण्यास आम्ही निवृत्त मंडळी आहोत. पहिल्या महिन्याचे सोमवार माझ्या नावावर लिहून घ्यावेत, अशी चिटणिसांस विनंती आहे. हेच दार उघडणे होय.

संकल्प मोडेल, तर काय? मोडेल. पाळी बदलेल, गाडी उशिरा येईल, मूल तापाने फणफणेल. परंतु पूजेच्या अखेरीस आपण न्यूनाबद्दल क्षमा मागतो आणि पूजा व्यर्थ गेली असे कोणी मानीत नाही. मंगळवार चुकला तर शुक्रवारी बसावे. पुढील पाडव्याची वाट पाहू नये.

माझे वडील आज नाहीत. त्यांच्याशी बोलावयाचे राहून गेले, ते राहूनच गेले. कन्येशी मी उशिरा का होईना, बोलू लागलो. नातवाची सायकल अजून घ्यावयाची आहे. ती घेतली म्हणजे मागे धरावयास त्याचे आईबाप असावेत, आणि त्यांचा हात दुखू लागला तर मी असावे, एवढीच या वर्षाची माझी गुढी आहे.